मोरीचा बोळा

२ एप्रिल, टेंभुर्णी (जि. जालना)
बॅगा झाल्या. त्याआधी टाकी, दोन्ही ड्रम, कळश्या, घागर, आत्याबाईंच्या आंघोळीचं पातेलं, सगळं भरून ठेवलं. कुणासाठी? उद्या आम्ही निघणार, महिन्यानं येणार. तरी नळ आला आणि मी भरत सुटले.

आत्याबाईंना जाऊन वर्ष होईल आता. सासू म्हणून कडक, पेशंट म्हणून त्याहून कडक. कितीतरी वर्षं अंथरुणावर. शाळा, घर, त्यांचं दुखणं आणि नळ, या चौघांत माझी उमर गेली. आता त्या नाहीत, आणि परवा शाळेतूनही निवृत्त झाले. शाल, नारळ, "म्याडम, आता आराम करा." आराम कसा करतात ते भाषणात कुणी सांगितलं नाही.

सुमेधनं पुण्यात बसून सगळं ठरवलं. रत्नागिरीला कुणा माईंकडे वरच्या दोन खोल्या, महिनाभर. "आई, तू अजून समुद्र बघितला नाहीस." खरंय. शाळेच्या सहली घेऊन अजिंठा-वेरूळ पाठ झालं, समुद्र राहिलाच.

किल्ली शेजारच्या राधाबाईला. म्हणे, "बिनघोर जा म्याडम. नळ आला का मी भरून घेते तुमची टाकी. आलेलं पाणी सोडायचं न्हाई."

४ एप्रिल, रत्नागिरी
पोचलो. कंबर गेली. आमचे हे एस.टी. डेपोत कंट्रोलर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. डेपो सुटला, हुद्दा सुटत नाही. वाटेत प्रत्येक स्टँडवर गाडी किती लेट ते मला सांगत होते. (इथून पुढं यांना कं. लिहीन. हात दुखतो.)

माई सत्तरीच्या, एकट्या, खाली राहतात. वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. मागच्या बाजूला गॅलरी, तिथं मोरी आणि नळ. खाली अंगण, विहीर, रातांब्याचं झाड. ओसरीवर बसायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न, "आडनाव काय तुमचं?"
कं.नी सांगितलं. माई थोडा वेळ गप्प. मी पदर सावरला. असल्या गप्प बसण्याची सवय आहे.
"चहात साखर किती घालू?" म्हणाल्या.
चहा त्यांच्या रोजच्याच कपातून आला. त्यांनी आमच्याबरोबरच घेतला.

संध्याकाळी मांडवीला समुद्र. काय वाटलं लिहू? एवढं पाणी, आणि कुणीच भरून घेत नाही.

५ एप्रिल
पहाटे उठून नळ सोडला. पाणी. दुपारी सोडला. पाणी. सगळी भांडी भरून ठेवली. कं. म्हणाले, "म्याडम, इथं रोज येतं." मला माहीत आहे. माझ्या हातांना माहीत नाही.

यांना काय? टेंभुर्णीत नळ कधी येतो हे यांना अजून माहीत नाही. नळ यायच्या वेळेला यांची नेहमी ड्युटी. निवृत्तीनंतर झोप.

८ एप्रिल
माईंचे पडदे धुतले. त्या वर आल्या, बघून म्हणाल्या, "अहो, तुम्ही भाडं भरून आलात ना? मी तुम्हाला पगार द्यायचा की काय?"
हसले. पण खरं सांगायचं तर बसता येत नाही मला. बसलं की कुणीतरी हाक मारेल असं वाटतं. काल दुपारी डोळा लागला आणि दचकून उठले, आत्याबाईंना कूस बदलून द्यायची राहिली म्हणून. उठून दोन पावलं गेलेही.

सुमेधचा फोन. "आई, मस्त आराम कर. काही करू नको. जूनपासून तुझीच धावपळ आहे."
अपर्णाला, म्हणजे सुनेला, जूनची तारीख दिलीय. पहिलं बाळंतपण. तिच्या आईला पक्षाघात झालेला, ती स्वतःच दुसऱ्याच्या हातानं जेवते. म्हणजे मीच. ते मला आधीच ठाऊक होतं, त्याचं काही नाही. पण पुढं म्हणाला, "नंतर तुम्ही दोघं इकडंच राहा. अपर्णाची नोकरी आहे, बाळाला पाळणाघरात कशाला? टेंभुर्णीचं घर भाड्यानं देऊन टाकू. तिथं आता आहेच काय?"

मी "बघू" म्हटलं. आमच्या घरात माझ्या "बघू"चा अर्थ हो असाच धरतात.

पोळ्याला बैलाला न्हाऊ घालतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात. दुसऱ्या दिवसाचं त्याला कुणी आधी सांगत नाही. मला निदान फोन करून सांगितलं.

११ एप्रिल
झोपले. दुपारी जेवून झोपले ते दिवे लागायच्या वेळी उठले. कं.नी चहा केला होता. भयंकर चहा. प्यायले.

१२ एप्रिल
पुन्हा झोप. एवढी झोप आत कुठं साठली होती? टाकीच फुटल्यासारखं झालंय. अंग दुखतं, डोकं जड, बोलावंसं वाटत नाही. कं. घाबरले. "डॉक्टरकडं जायचं का?" म्हटलं नको, मला काही झालेलं नाही, मी नुसती दमलेय.
"कशानं?" म्हणाले. "दोन दिवस तर झोपूनच आहेस."
जाऊ द्या.

१४ एप्रिल
जयंती. पहिल्यांदाच गावाबाहेर. तिकडं दरवर्षी विहारातली खीर माझ्याकडं. आदल्या दिवसापासून बायका जमवायच्या, दूध, शेवया, पातेली, कुणाचा रुसवा, कुणाची धुसफूस. मिरवणूक मी कधी पुढून बघितलीच नाही, पातेल्यामागूनच.

इथल्या विहाराचा पत्ता कं.नी रिक्षावाल्याकडून काढला. पांढरी साडी नेसून गेलो. ओळखीचं कुणी नाही. वंदना झाली. जयभीम, जयभीम. कुठून आलात, जालन्याकडून, अरे बापरे, लांबून. मग मी सवयीनं पदर खोचून वाढायला उभी राहिले तर एका पोरीनं हाताला धरून खाली बसवलं. "मावशी, तुम्ही पाहुण्या. बसा."

पंगतीत बसले. समोर खीर आली. मी मागितली नव्हती, ढवळली नव्हती, कमी पडेल की काय म्हणून घाबरले नव्हते. पहिला घास घेतला आणि रडू आलं. चारचौघांत. शेजारची बाई म्हणाली, "फार गरम आहे का?" मी हो म्हटलं.

१५ एप्रिल
राधाबाईचा फोन. "म्याडम, नळ आल्ता काल. तुमच्या टाकीत भरून राह्यले मी बराबर. खीर अवंदा पातळ झाल्ती, तुमची सय काढली समद्यांनी."
पातळ झाली ऐकून बरं वाटलं. लिहायला नको, पण वाटलं.

१९ एप्रिल
रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर. कं. भरती-ओहोटीच्या वेळा पाठ करून बसलेत आणि भरती लेट असली की चिडतात. त्यांना इथलं सगळं आवडलंय. बांगडा आवडलाय, वारा आवडलाय, माईंशी राजकारण बोलायला आवडतंय. रात्री घोरतात ते आवडलं म्हणूनच असेल.

मी वाळूत बसते. पाय पसरून. कुणी हाक मारत नाही. आता दचकणं कमी झालंय.

२२ एप्रिल
आज माझ्या हातून भयंकर झालं.

सकाळी लाईट नव्हती, त्यामुळं माईंची टाकी रिकामी, गॅलरीतला नळ कोरडा. मी सवयीनं केलं. नळ उघडा ठेवला, खाली बादली लावली, की धार पडली की आवाज येईल. आणि मोरीच्या भोकाला फडक्याचा बोळा घातला, की सांडलेलंही वाया जाऊ नये, वाटीनं भरून घेता येतं. टेंभुर्णीत प्रत्येक घरात हेच करतात. नळ कधी येईल त्याचा नेम नाही म्हणून उघडाच ठेवायचा आणि कान तिकडं.

कं. म्हणाले चल, भरतीची वेळ झाली. गेले. नळ पार विसरले. आयुष्यात पहिल्यांदा नळ विसरले आणि तो आजच.

लाईट आली, माईंनी पंप लावला आणि त्या बाजाराला गेल्या. वरची टाकी भरली आणि वरच्या नळातून सुटली. बादली भरली, मोरी भरली, बोळा घट्ट (माझा बोळा कधी सुटत नाही), गॅलरी भरली, आणि तिथून धबाधबा खाली अंगणात. अंगणात माईंची कोकमं वाळत होती. रातांब्याची सालं मिठाच्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा घालायची, तेव्हा कुठं कोकम होतं. आठवडाभराचं काम. ताडपत्रीवर लाल पाणी आणि त्यात सालं तरंगत होती.

आम्ही आणि माई एकदमच फाटकात. माई बघत राहिल्या. मग, "तुमच्याकडे नळ उघडा टाकून जातात?"
"हो," म्हटलं. "आमच्याकडं तो येतो तेव्हा येतो."
"आणि हा बोळा?"
सांगितलं.
माई मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी ऐकवलंच. "माझी वर्षाची कोकमं घालवलीत! मुंबईला पाठवायची होती. बाईमाणूस आहात की पाटबंधारे खातं?" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणीही. मला हसावं की रडावं कळेना. कं. मध्येच म्हणाले, "नळ आता बंद करू का?" तोपर्यंत पाणी चालूच होतं.

२३ एप्रिल
सकाळी खाली गेले. रातांबे झाडावर अजून होते. माईंबरोबर फोडायला बसले. हात लालभडक. माई नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. पण हे काम वेगळं होतं. चूक माझी, भरपाई माझी, आणि केव्हा उठायचं तेही माझ्या हातात. दोनदा उठून वर जाऊन पडले.

विचारलं, कोकमं मुंबईला कुणाला?
"लेकाला. दर वर्षी बोलावतो, आई इकडे ये, एकटी काय करतेस. दोन वर्षांपूर्वी सामान बांधायला माणूसच घेऊन आला. मी सांगितलं, नाही येत."
"असं तोंडावर?"
"मग कुठे सांगायचं? रागावला. गणपतीलासुद्धा नाही आला. मग मे महिन्यात आला आंबे न्यायला." माईंनी एक साल उन्हात फेकलं. "अजून पहिल्यासारखं नाही बोलत हो. उगाच कशाला खोटं सांगू."

२६ एप्रिल
भांडण. सुमेधनं कं.ना सांगितलं की घराला भाडेकरू मिळालाय, शाळेत नवीन आलेले गुरुजी, कुटुंब आहे, एक जूनपासून. आणि यांनी परस्पर हो म्हणून टाकलं.
"मला विचारलं का?"
"तू बघू म्हणलीस ना."
"बघू म्हणजे बघू."
"अगं, आपलं तरी कोण आहे तिथं? नातवंडं खेळवायची सोडून टेंभुर्णीत काय नळ भरत बसायचंय?"
यांचं तरी काय चुकलं? नातू म्हणजे यांच्या डोळ्यांसमोर बागेत फिरवायची बाबागाडी. रात्रीचं उठणं, दुपटी, आजारपण, सुनेची डबा-पोळी, हे यांना दिसतच नाही. आत्याबाईंचं तरी कुठं दिसलं होतं? आई होती यांची. संध्याकाळी येऊन पायाशी बसायचे, "आई, जेवलीस का?" विचारायचे. ती जेवलेली असायची.

२७ एप्रिल
लिहूनच टाकते. मला नाही जायचं.

बाळंतपण करीन. आनंदानं करीन. पण राहायला नाही जायचं. मला नातवंड नको असं नाही, त्या पोराला बघायला जीव आसुसलाय. पण मी संपलेय. आता कुणाचं तरी पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हटलं की हातापायातली ताकद जाते. मला माझ्या घरात राहायचंय. रिकाम्या. सकाळी उठून दारात बसायचंय. माझ्याच घरात मला एकदा पाहुणीसारखं राहायचंय, खीर दुसऱ्यानं वाढलेली.

वाचून बघितलं. कसली आई म्हणायची ही.

२९ एप्रिल
अपर्णाचा फोन. पोर गुणाची आहे, हीच अडचण आहे. वाईट असती तर सोपं होतं. म्हणाली, "आई, पाय फार सुजलेत. डॉक्टर नॉर्मल आहे म्हणतात. मम्मीला सांगितलं तर ती नुसती रडते, तिला बोलता येत नाही ना. तुम्ही आहात म्हणून मला रात्री झोप लागते."
म्हटलं, "झोप बाई. डाव्या कुशीवर झोप."
फोन ठेवला आणि गॅलरीत बसून राहिले. कं. विचारत होते, जेवायला काय.

३० एप्रिल
कोकमं पुन्हा वाळायला लागली. माई म्हणाल्या, पहिल्यापेक्षा रंग बरा आलाय. उगाच म्हणाल्या असतील.

२ मे
केला फोन. सकाळीच, चहाच्या आधी, नाहीतर धीर गेला असता. सुमेधला म्हटलं, "मी जूनच्या आधी येते. सव्वा महिना सगळं मी करीन, अपर्णानं काडी उचलायची नाही. पण नंतर मी माझ्या घरी. भाडेकरूला नाही सांग."
"आई, तुला बरं नाहीये का?"
"बरी आहे."
"मग असं का बोलतेस?"
"दमलेय रे."
"महिनाभर आराम केलास ना आता!"

त्याला कसं सांगू? वर्गात इतकी वर्षं शिकवलं, कुठल्याही पोराला न समजणारं गणित तीन तऱ्हांनी समजावून दिलं. पोटच्या पोराला एवढंसं सांगता येईना. "महिन्यानं फिटत नाही बाळा," एवढंच म्हटलं.
"पप्पांना दे."

कं. फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ. यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी उठून दाराला कान लावला नाही. आत आले तेव्हा चेहरा डेपोतल्यासारखा, गाडी रद्द झाली की नाही ते पाटीवर लिहीपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही असा. विचारलं, "काय म्हणाला?"
"बघू म्हणाला."
"आणि तुम्ही?"
चप्पल घालून किनाऱ्यावर गेले. भरतीची वेळ नव्हती.

३ मे
दिवसभर आम्ही तिघं, म्हणजे मी, कं. आणि फोन. फोन वाजला नाही. कं. एकटेच बाजारात जाऊन आले. माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला. लग्नानंतर दुसरा. का आणला विचारलं तर म्हणाले, "स्वस्त होता."

परवा निघायचं. इथून पुण्याला की टेंभुर्णीला, ते यांनी अजून सांगितलेलं नाही. तिकीट काढायला हेच जाणार.

४ मे
पहाटे पुन्हा लाईट गेलेली. नळ कोरडा, रात्री सवयीनं उघडाच ठेवलेला. यानंतरचं काम माझं, हे मला झोपेतही पाठ. पण उठवेना. अंग गादीला खिळल्यासारखं. पडून राहिले. म्हटलं जाऊ दे, आज वाहिलं तर वाहिलं.

थोड्या वेळानं लाईट आली. खाली माईंचा पंप सुरू झाला. वर पाणी चढल्याचा आवाज, मग नळात हवेची फुर्रफुर्र. धार पडली. मी डोळे मिटूनच होते. शेजारची गादी हलली. हे उठले. अंधारात कशालातरी अडखळले, बादली ओढल्याचा आवाज आला, भांड्यावर भांडं आपटलं. पहिल्यांदाच भरत होते, सगळीकडं शिंतोडे उडत असणार.

मग गॅलरीतून हाक आली, "अगं, तो बोळा कुठं ठेवलाय?"

उशाजवळच्या खिडकीत वाळत घातलाय. हात लांब केला असता तर लागला असता. मी कूस बदलली, डावीकडं, भिंतीकडं तोंड करून, आणि पाय पसरले.